सध्या काय वाचताय? वाचणाऱ्यांचा छोटा कट्टा कसा जमवायचा आणि टिकवायचा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापूर शहरात शिरलं तेव्हा शाहूपुरीत राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीच्या पुस्तकांच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे भिजले. पाणी उतरल्यावर आम्ही चौघीजणी तिच्याकडे गेलो, हॉलमध्ये पंख्याखाली एकेक पुस्तक उभं करून ठेवत होतो आणि प्रत्येक पुस्तक हातात आलं की कोणीतरी थांबायचंच, अगं हे मी कॉलेजला असताना वाचलंय, हे कधी घेतलंस, हे वाळलं की मला दे की. चार तासांचं काम आठ तास चाललं. दहा वर्षांची आमची मैत्री, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की यातली कोण काय वाचते. एवढी वर्षं आम्ही एकमेकींना विचारलंच नव्हतं.

त्याच दिवाळीनंतर आमचा कट्टा सुरू झाला. आज नऊ जण आहोत, त्यात तीन पुरुष, एक बारावीतली मुलगी आणि एक सत्तरी पार केलेले काका. मध्ये लॉकडाऊन आलं तेव्हा फोनवर कॉन्फरन्स कॉल लावून बोलत होतो पण बंद पडू दिला नाही. बरेच जण विचारतात की आम्हालाही असं काही सुरू करायचंय, काय काय करावं लागतं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय. यातलं बरंचसं आधी चुकून मग शिकलेलं आहे.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते, कारण तिथंच बहुतेक कट्टे मोडतात. पहिले तीन महिने आम्ही असं ठरवलं होतं की सगळ्यांनी महिन्याला एकच पुस्तक वाचायचं आणि त्यावर चर्चा करायची. ऐकायला लई भारी वाटतं. झालं काय, पहिल्या महिन्यात सहापैकी चार जणींचं पूर्ण झालं, दुसऱ्या महिन्यात दोघींचं, आणि तिसऱ्या महिन्यात ज्यांचं झालं नव्हतं त्या आल्याच नाहीत, कारण पुस्तक न संपवता तोंड कसं दाखवायचं. कोणाची परीक्षा, कोणाच्या घरी आजारपण, कोणाला ते पुस्तक आवडलंच नाही पण सांगायचा संकोच. मग आम्ही उलटं केलं. ज्याचं त्यानं वाचायचं, आणि जिथं असाल तिथून बोलायचं. बारा पानं झालेली असली तरी चालतं. सोडून दिलेलं पुस्तक असलं तरी चालतं, का सोडलं ते सांगा. तुम्ही या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी हे एवढं धरून ठेवा, पुस्तक संपायची वाट बघायची नाही. अर्ध्यात असताना माणूस पुस्तकाबद्दल जसं बोलतो तसं संपल्यावर बोलत नाही, संपल्यावर तो मत देतो, अर्ध्यात असताना त्याच्या डोक्यात ते चालू असतं.

माणसं कुठून आणायची

चार पुरेत. खरंच चार पुरेत, सुरुवातीला पंधरा जणांच्या मागे लागू नका. नऊ-दहाच्या वर गेलं की प्रत्येकाच्या वाट्याला फार कमी वेळ येतो आणि ते भाषणाच्या स्पर्धेसारखं व्हायला लागतं.

आपल्याकडं वाचणारी माणसं कमी आहेत असं वाटत असेल तर एखाद्या संध्याकाळी ग्रंथालयाच्या देवघेवीच्या काउंटरजवळ अर्धा तास उभं राहून बघा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं आहे, म्हणजे आपल्या गावात वर्गणी भरून पुस्तक घरी न्यायची सवय पावणेदोनशे वर्षांची झाली. तिथं किंवा तुमच्या पेठेतल्या वाचनालयात जे कर्मचारी पुस्तकं बदलून देतात त्यांना विचारा, नियमित कोण येतं हे त्यांना तोंडपाठ असतं. ते कोणाचं नाव-नंबर देणार नाहीत आणि देऊही नये, पण तुमचा निरोप पोचवतात. आमचे सत्तरीचे काका असेच मिळाले. शाहू स्मारकला पुस्तकांचं प्रदर्शन लागतं तेव्हा तिथं एकाच टेबलापाशी दोनदा परत येणारा माणूस दिसला की बिनधास्त विचारायचं, हे कसं आहे हो? वाचणारा माणूस या प्रश्नाला कधी रागावत नाही.

निरोप मात्र साधा ठेवा. साहित्य, विचारमंथन, व्यासपीठ असले शब्द आले की माणसं घाबरतात, त्यांना वाटतं तिथं प्राध्यापक असणार. आम्ही पाठवतो तो मेसेज असा आहे: "महिन्यातून एकदा रविवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण भेटतो, सध्या काय वाचतोय ते एकमेकांना सांगतो. काही वाचत नसाल तरी ऐकायला या. वर्गणी नाही, चहा आहे."

आणि कोण काय वाचतो यावरून माणूस निवडू नका. आमच्यात एकजण फक्त रहस्यकथा वाचतो, एकजण शेतीची आणि गुऱ्हाळाची माहितीपर पुस्तकं, बारावीतली मुलगी इंग्रजी फँटसी. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, मी काय वाचत नाही ताई, अभ्यासिकेत बसून नुसता इतिहास आणि राज्यघटना. म्हटलं तेच सांग. त्यानं त्या दिवशी घटना समितीतल्या चर्चांबद्दल जे सांगितलं ते आम्हा कोणालाच माहीत नव्हतं.

जागा आणि वेळ

वार एकदा ठरवला की बदलायचा नाही. आमचा दुसरा रविवार, साडेचार ते सहा. कोण येतंय कोण नाही हे विचारत बसायचं नाही, दोघं आले तरी होणार. ज्या दिवशी तुम्ही "या वेळी सगळ्यांना जमत नाही तर पुढच्या आठवड्यात घेऊ" म्हणता त्या दिवशी तो कट्टा अर्धा संपलेला असतो.

नोव्हेंबर ते मे रंकाळा तलावाचा काठ आहेच, फक्त चौपाटीकडची गर्दी आणि गाड्यांचा आवाज टाळून जरा आत शांत बाजूला बसा, नाहीतर वाचून दाखवलेलं ऐकू येत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मात्र आपला पाऊस काही ऐकत नाही, तेव्हा पाळीपाळीनं घरी. घरी म्हटलं की पोहे, भजी, शिरा असं वाढत जातं आणि ज्याच्या घरी असतं ती वहिनी पूर्ण वेळ स्वयंपाकघरात अडकते, तिचं पुस्तक राहूनच जातं. म्हणून आम्ही चहा-बिस्किटच असा कडक नियम केलाय. भूक लागली तर सुटल्यावर भेळ खायला जायचं.

सध्याचं वाचन कसं सांगायचं

आता मुख्य गोष्ट. पुस्तक "छान आहे, नक्की वाचा" एवढं सांगितलं की समोरच्याला काहीच मिळत नाही, आणि सगळं कथानक सांगत बसलं तर वाचायला काही उरत नाही. या दोन्हींच्या मधलं बोलायला शिकावं लागतं आणि ते शिकता येतं.

आम्ही प्रत्येकी सहा-सात मिनिटं धरतो. पहिल्यांदा पुस्तक हातात धरून दाखवायचं, नाव, लेखक, आणि अनुवाद असेल तर अनुवादकाचं नावसुद्धा. याचा आग्रह धरा. कोल्हापूर म्हणजे कन्नड मुलुखाच्या उंबऱ्यावरचं गाव, आपल्याकडं कन्नड लेखक भैरप्पांच्या कादंबऱ्या घरोघरी आवडीनं वाचल्या जातात, पण त्या मराठीत उमा कुलकर्णींनी आणल्या हे किती जण सांगतात? जे वाक्य वाचून तुम्हाला भरून आलं ते मराठी वाक्य त्यांनी लिहिलेलं असतं.

मग कुठं आहात ते सांगायचं. पहिल्या पन्नास पानांत, मध्यावर, शेवटाजवळ. यानं ऐकणाऱ्याला अंदाज येतो की तुमचं बोलणं किती पक्कं धरायचं. पहिल्या पन्नास पानांतलं कौतुक वेगळं आणि साडेतीनशेव्या पानावरचं वेगळं.

त्यानंतर ते पुस्तक तुमच्यापाशी काय करतंय ते सांगायचं. हे सगळ्यात अवघड जातं. एक उदाहरण देते. आनंद यादवांचं झोंबी आमच्यातल्या एका दादांनी घेतलं होतं. पहिल्या वेळेला ते म्हणाले, "आत्मचरित्रात्मक कादंबरी आहे, १९८७ ची, साहित्य अकादमी मिळालंय, पुलंची प्रस्तावना आहे, ग्रामीण जीवनाचं वास्तव चित्रण आहे, जरूर वाचावी." सगळं खरं. आणि कोणीही ते पुस्तक मागितलं नाही. पुढच्या महिन्यात ते तेच वाचत होते, तेव्हा मी म्हटलं, दादा एवढा वेळ का लागतोय? तर म्हणाले, "दहा पानं झाली की ठेवावं लागतंय. शिकायचंय म्हणून झगडणारं कागलचं पोरगं आणि घरातनं विरोध, मला माझं गाव दिसतंय. आमच्याकडं पण आधी म्हसरं, मग शाळा. मी कधी हे कोणाला सांगितलं नव्हतं." त्या दिवशी तिघांनी ते पुस्तक मागितलं. दोन्ही वेळेला माणूस तोच होता आणि पुस्तकही तेच.

म्हणजे प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी आणायला पाहिजे असं नाही. "यातली वाक्यं लांब आहेत, मला दोनदा वाचावी लागतात पण दुसऱ्यांदा वाचल्यावर मजा येते" हे सुद्धा चालतं. "मी हे झोपताना वाचू शकत नाही" हे चालतं. "नायकाचा मला राग येतोय आणि तरी सोडवत नाही" हे तर फारच छान.

मग एक परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवायचा. घरून येतानाच पानात कागदाची पट्टी घालून आणा, तिथं बसून पानं चाळत राहू नका. दहा-बारा ओळी बास. ऐकणाऱ्याला भाषेची चव लागते आणि तो स्वतःच ठरवतो की हे आपल्याला जमेल का. आपल्या बोलीतलं असेल तर मोठ्यानं वाचण्यासारखा आनंद नाही. शंकर पाटील मूळ पट्टणकोडोलीचे, आणि ते, व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार असे तिघे मिळून कथाकथनाचे कार्यक्रम करायचे, त्यांची कथा मनात वाचणं आणि हेल काढून वाचणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमचे काका वाचतात तेव्हा बारावीतली पोरगी फोन बाजूला ठेवून ऐकते.

शेवटी, हे पुस्तक कोणाला देईन आणि कोणाला देणार नाही. "ज्याला शिकार, जंगल आवडतं त्याला देईन, ज्याच्या घरात नुकतंच कोणी गेलंय त्याला आत्ता देणार नाही." नुसत्या पाच पैकी चार स्टारपेक्षा या एका वाक्याचा उपयोग जास्त होतो.

शेवट फोडण्याबद्दल दोन शब्द. रहस्यकथा असेल तर पहिल्या एक-तृतीयांशाच्या पुढचं काही बोलायचं नाही, आणि "शेवटी जबरदस्त धक्का आहे" हेसुद्धा सांगायचं नाही, कारण मग माणूस धक्क्याची वाट बघत वाचतो. ऐतिहासिक कादंबरीत १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर काय झालं हे सगळ्यांना माहीतच असतं, तिथं काय झालं याला झाकून ठेवण्यासारखं काही नाही, लेखक तिथपर्यंत आपल्याला कसं नेतो ते न सांगितलेलं बरं.

आवडतं पुस्तक हा वेगळा विषय आहे

सध्याचं वाचन आणि आवडतं पुस्तक एकाच बैठकीत मिसळू नका. आम्ही दर तिसऱ्या महिन्याला फक्त आवडत्या पुस्तकांची बैठक घेतो.

आवडतं पुस्तक विचारलं की कोल्हापुरात पहिल्या फेरीत काय येणार हे मी डोळे झाकून सांगू शकते. मृत्युंजय, ययाती, स्वामी. यात वाईट काही नाही, उलट अभिमानाचं आहे, शिवाजी सावंत आजऱ्याचे, रणजित देसाई कोवाडचे, आणि वि. स. खांडेकर १९३८ पासून इथंच राहिले, ययातीसाठी १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, आज त्यांचं स्मृती संग्रहालय शिवाजी विद्यापीठात आहे, बघितलं नसेल तर बघून या. पण नऊ जणांनी तीच तीन नावं घेतली तर देवाणघेवाण काय झाली? म्हणून प्रश्न बदलायचा. "आवडतं पुस्तक कोणतं" ऐवजी आम्ही विचारतो: ते कितव्या वर्षी वाचलं, तुमच्या हातात कोणी दिलं, आणि परत कधी वाचलंत? उत्तरं एकदम वेगळी यायला लागतात. एका ताईंनी सांगितलं की त्यांच्या आजीला लिहिता येत नव्हतं पण वाचता येत होतं, आणि ती दुपारी भांडी झाली की पोथीच्या चालीवर कादंबरी वाचायची. पुस्तकाचं नाव ताईंना आठवत नव्हतं, दोन महिने आम्ही सगळ्यांनी मिळून शोधलं, सापडलं.

दुसरी एक युक्ती. आवडतं पुस्तक सांगायच्या आधी निदान वीस पानं परत वाचून या. सोळाव्या वर्षी डोक्यावर घेतलेलं पुस्तक चाळिशीत उघडल्यावर कधी जास्तच आवडतं, कधी त्यातल्या बायका बघून त्रास होतो. दोन्ही सांगा. "मला हे तेव्हा फार आवडलं होतं, आता इतकं नाही" असं बोलता आलं तर समजा तुमच्या कट्ट्यात मोकळेपणा आलाय.

आणि जिल्ह्याचा नकाशा हा विषय एकदा नक्की करा. एका बैठकीला सगळ्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या लेखकाचं पुस्तक आणायचं. जुनी नावं आहेतच, पण आत्ताची बघा की, किरण गुरव यांच्या बाळूच्या अवस्थांतराची डायरी या कथासंग्रहाला २०२१ चं आणि कृष्णात खोत यांच्या रिंगाण कादंबरीला २०२३ चं साहित्य अकादमी मिळालं. आपल्याच डोंगर-खोऱ्यातली माणसं आहेत ही आणि आमच्या नवांपैकी सात जणांनी तोवर यातलं काहीच वाचलं नव्हतं.

नाव झाकून वाचायचा खेळही करून बघा. कव्हरला वर्तमानपत्र घालायचं, लेखक न सांगता एक पान वाचायचं, आणि आधी सगळ्यांनी मत द्यायचं. हे मला जयंत नारळीकरांवरून सुचलं. ते जन्मानं कोल्हापूरचे, १९३८ चे. त्यांनी आपली पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला खोट्या नावानं पाठवली होती, नावाच्या वजनावर बक्षीस मिळू नये म्हणून, आणि पहिलं बक्षीस मिळालं. आमच्याकडं या खेळात एका मोठ्या नावाच्या पानाला कोणी फारसं विचारलं नाही आणि एका अनोळखी लेखिकेचं पुस्तक पाच जणांनी लिहून घेतलं.

न आवडलेलं कसं बोलायचं

समोरच्यानं जीव लावलेलं पुस्तक तुम्हाला रटाळ वाटलं तर ते सांगायलाच पाहिजे, गप्प बसलात तर सगळं गोड गोड होऊन जातं. फक्त "टुकार आहे" म्हणायचं नाही, "माझं मन लागलं नाही, साठाव्या पानावर थांबले, मला त्यातली सगळी माणसं एकसारखीच बोलतात असं वाटलं" असं म्हणायचं. म्हणजे वाद पुस्तकाशी राहतो, माणसाशी होत नाही. राजकारण, जात, धर्म यावरची पुस्तकं येणारच, येऊ द्या, कोल्हापूरला ती परंपरा आहे. पण त्या दिवशी पुस्तक उघडून पान दाखवून बोलायचं. न वाचता पुस्तकावर मत द्यायचं नाही हा नियम सगळ्यांना सारखा.

जास्त बोलणाऱ्याला थांबवायला फोनवर सात मिनिटांचा टायमर लावा, सगळ्यांना लावा, मग कोणाला वाईट वाटत नाही. कमी बोलणाऱ्याला सगळ्यात शेवटी ठेवू नका, शेवटी वेळ संपलेली असते. आम्ही त्यांना दुसऱ्या नंबरला घेतो.

व्हॉट्सॲप ग्रुप

ग्रुप लागतोच, पण ग्रुपमुळंच कट्टा बिघडतो हे पण खरं. आमचा ग्रुप आठवडाभर शांत असतो. सोमवारी रात्री सगळ्यांनी पुस्तकाच्या कव्हरचा फोटो, पान नंबर आणि दोन ओळी टाकायच्या. टायपिंग जमत नसेल तर दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज. काकांनी मराठी व्हॉइस टायपिंग शिकून घेतलं आणि आता सगळ्यात लांब मेसेज त्यांचा असतो. शुभ सकाळ नाही, फॉरवर्ड नाही, वाढदिवसाचे केक नाहीत, ते खासगीत पाठवा.

आणि पीडीएफ नाही. यावर आमचं एकदा बरंच वाजलं होतं म्हणून जरा विस्तारानं सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं लेखक गेल्यानंतरच्या वर्षापासून पुढं ६० वर्षं हक्क त्याच्या वारसांकडं राहतात. साने गुरुजी १९५० ला गेले, म्हणजे त्यांचे हक्क २०१० च्या शेवटी संपले, त्यांचं लेखन आता कोणीही छापू शकतं, पाठवू शकतं. पण खांडेकर १९७६ ला गेले, म्हणजे ययाती २०३६ च्या शेवटापर्यंत हक्कात आहे, ती स्कॅन करून ग्रुपवर टाकणं चुकीचंच. अनुवादात तर मूळ लेखकाचा आणि अनुवादकाचा असे दोन्ही हिशोब बघायचे. महाग पडतं म्हणून पीडीएफ असं म्हणणाऱ्याला वाचनालयाची वर्गणी विचारून बघायला सांगा, महिन्याची वर्गणी आणि सुरुवातीची अनामत मिळूनसुद्धा बऱ्याचदा एका नव्या कादंबरीच्या किमतीच्या आत बसते. एका पानाचा फोटो, आवडलेला उतारा, एवढं जरूर टाका, सगळं प्रकरण टाकू नका.

पुस्तकं देणं-घेणं

पुस्तकावरून मैत्री तुटलेली मी बघितलीय, म्हणून इथं भिडस्तपणा करू नका. एक दोनशे पानी वही घ्या. तारीख, पुस्तक, देणारा, घेणारा, परतीची तारीख, एवढे रकाने. वही एकाच माणसाकडं राहील, फिरवायची नाही. मुदत दोन महिने, वाढवून पाहिजे असेल तर भेटून वाढवायची. घेतलेलं पुस्तक तिसऱ्याला द्यायचं असेल तर आधी मालकाला विचारायचं. पहिल्या पानावर पेन्सिलीनं नाव घाला. पानाचा कोपरा दुमडणं, पेननं खुणा करणं ज्याला चालत नाही त्यानं देतानाच सांगावं. ज्या पुस्तकाशिवाय तुम्हाला राहवणार नाही, वडलांची सही असलेलं, कोणी गेलेल्यानं दिलेलं, ते देऊच नका, बैठकीला आणा, दाखवा आणि घरी न्या.

पावसाळ्यात पुस्तक पिशवीत घालूनच न्यायचं, नुसतं छत्रीवर विसंबायचं नाही. घरात कपाट ओल येणाऱ्या भिंतीला चिकटून ठेवू नका, चार बोटं अंतर ठेवा, पुस्तकं कोंबून भरू नका म्हणजे हवा खेळते. कडुनिंबाचा वाळलेला पाला कसरीसाठी आमच्या घरी आजीच्या वेळेपासून ठेवतात, पाला पूर्ण वाळलेला पाहिजे, ओला ठेवलात तर उलट बुरशी धरेल. ऑक्टोबरचं ऊन पडलं की एकदा सगळी पुस्तकं बाहेर काढून झटकायची, सावलीत ठेवायची. नदीकाठच्या, सखल भागातल्या लोकांनी जून लागायच्या आधीच खालचा कप्पा रिकामा करावा. २०१९ नंतर २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा माझ्या मैत्रिणीचं एकही पुस्तक भिजलं नाही कारण सगळी आम्हा बाकीच्यांच्या घरांत वाटलेली होती.

तरी भिजलंच तर उन्हात टाकू नका, पानं वाकडी होतात आणि बांधणी सुटते. जरा निथळू द्या, मग पंख्याखाली पंख्यासारखं उघडून उभं करा, अधूनमधून कोरा कागद किंवा टिपकागद घाला आणि तो ओला झाला की बदला. वर्तमानपत्र घालू नका, शाई पानावर उतरते. गुळगुळीत कागदाची, चित्रांची पुस्तकं चिकटायला लागतात, ती आधी हाताळा.

वाचन थांबतं तेव्हा

प्रत्येकाचं थांबतं. लग्नसराई, परीक्षा, दवाखाना. अशा माणसाला "काय वाचलंस" विचारू नका, त्याला एक कथा द्या, वीस पानांची. किंवा ऐकायला ऑडिओबुक. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर काकांना आम्ही पाळीपाळीनं फोनवर रोज दहा पानं वाचून दाखवली, त्यात एक अख्खी कादंबरी झाली आणि वाचणाऱ्याचीही झाली.

आणि दिवाळी अंक. का. र. मित्रांनी १९०९ ला मनोरंजनचा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाचं थांबलेलं वाचन दरवर्षी या अंकांनी परत सुरू केलंय असं मला वाटतं. आमची पद्धत अशी आहे: नऊ जणांनी नऊ वेगळे अंक घ्यायचे, कोणता कोण घेणार हे आधी ग्रुपवर ठरवायचं म्हणजे एकच अंक दोनदा येत नाही. प्रत्येक अंकाच्या मागच्या कव्हरच्या आत नावांची एक चिठ्ठी चिकटवायची, गोल क्रमानं. दहा दिवसांनी अंक पुढच्या नावाकडं. नऊ माणसं गुणिले दहा दिवस, म्हणजे नोव्हेंबरमध्ये सुरू केलं की फेब्रुवारीत अंक ज्याचा त्याच्याकडं परत येतो. एका अंकाच्या किमतीत नऊ अंक. चिठ्ठीवर आपल्या नावापुढं आवडलेल्या एका कथेचा किंवा लेखाचा पान नंबर लिहायचा. अंक घरी परत येतो तेव्हा आठ पान नंबर लिहिलेले असतात आणि त्यातली दोन-तीन पानं आपण वाचलेलीच नसतात. मग तो अंक परत उघडायचा.

या वर्षी चिठ्ठीवर दहावं नाव आलंय, ग्रंथालयातल्या काउंटरवर ज्या ताईंनी काकांना आमचा निरोप दिला होता त्यांचं. त्यांच्यासाठी एक अंक वाढवायला लागणार आणि मुदत दहाऐवजी नऊ दिवसांची करायला लागणार, ते दुसऱ्या रविवारी ठरवतोय.